सव्वा मूठ

घरात माणसे किती, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. विचारणारा बदलला की उत्तर बदलते. आमच्या शिधापत्रिकेवर पाच नावे आहेत. मतदारयादीतही पाचच आहेत. पण मौज अशी की ते पाच वेगळे. पहिल्या पाचांत पाच वर्षांचा नातू आहे नि दुसऱ्या पाचांत तो नाही; त्याच्या जागी धाकटा आहे, कारण नोकरीसाठी तो पुण्याला राहत असला तरी आपले मत त्याने अजून जळगावातच ठेवले आहे. आणि दिवाळीच्या फराळासाठी मी अनारशाचे तांदूळ भिजत घालते, तेव्हा कुठल्याही यादीत नसलेली माणसे मनातल्या मनात मोजून घेते. ती संख्या मी कुणाला सांगत नाही. दर वर्षी ती थोडी वाढतेच.

सरकारने या प्रश्नाचे उत्तर मोठ्या शहाणपणाने दिले आहे. जनगणनेच्या नियमाप्रमाणे जी माणसे एरवी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातले अन्न जेवतात, ती एका कुटुंबातली. कामाच्या अडचणीमुळे कुणाला तसे जमत नसेल, तर तेवढी सवलतही त्या नियमात आहे. मला ही व्याख्या फार आवडते. घर म्हणजे भिंती नव्हेत, छप्पर नव्हे. घर म्हणजे चूल. आणि एखादा त्या चुलीपासून दूर असला, तर आधी त्याची अडचण लक्षात घ्यावी. त्याचे नाव लगेच खोडू नये.

आमच्या खानदेशात मोजणीची याहूनही जुनी एक रीत आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी घरोघर कानबाई बसते. तिचे रोट करायचे असतात. त्याची रीत प्रत्येक भाऊबंदकीत थोडी निराळी. आमच्या घरी असे, की घरात जितकी पुरुषमाणसे, तितक्या वेळा सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा. कर्ता पुरुष, त्याचे भाऊ, मुलगे, नातू. काल जन्मलेल्या बाळाचीसुद्धा सव्वा मूठ. तो गहू निवडायचा आम्ही, दळायचा आम्ही, रोट भाजायचे आम्ही. पण मुठीत आम्ही नाही. आणि ते रोट भाऊबंदांच्या बाहेर जात नाहीत. लेक सासरी गेली की तिचा त्या प्रसादाशी संबंध संपला.

मी नवी सून होते तेव्हा सासूबाईंना विचारले होते, "आत्याबाई, माणसामागे एकच मूठ का नाही? वर हे पाव कशाला?"

त्या म्हणाल्या, "बरकतीला."

मी पुढे काही बोलले नाही. पण तेव्हापासून तो पाव मुठीचा वाढावा आम्हां बायकांचा, असे मी आपले धरून चालले आहे. कुणाला विचारून नव्हे.

हे सगळे आठवायला कारण झाले ते एका वर्गणीचे. कानबाईच्या मुठींपासून फोनमधल्या साठ्याच्या वर्गणीपर्यंतची वाट लांबची वाटेल. पण वर्गणी वाटून घेणे आम्हांला काही नवे नाही. माझे माहेर धुळ्याचे. धुळ्याच्या जुन्या वस्तीत गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. आमच्या गल्लीत वर्तमानपत्र एका घरी येई नि ते चार घरी वाचले जाई. पहिले पान सकाळी आमच्याकडे, आतले पान शेजारी. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा जुळून मालकाच्या खुंटीला लागत असे. रेडिओ घेतला की त्याच्या परवान्याचे पैसे दर वर्षी पोस्टात भरावे लागत. ती पद्धत १९८० च्या दशकात गेली. परवाना एकाच्या नावाचा, पण बुधवारी रात्री बिनाका ऐकायला ओटा भरून माणसे. लग्न होऊन मी जळगावला आले तेव्हा व. वा. वाचनालयाची वर्गणी सासऱ्यांच्या नावावर होती. त्या एका वर्गणीवर घरातल्या पाच जणांनी वाचले, आणि रात्री दिव्याखाली सगळ्यांत जास्त मीच वाचले असेन. पुढे फोन आले, तेव्हा लग्नपत्रिकांवर शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे 'पी. पी.' अशी दोन अक्षरे घालीत. त्या दोन अक्षरांच्या भरवशावर कित्येक सोयरिकी जुळल्या.

या सगळ्या वाटून घेण्यात एक गोष्ट मात्र कधी घडली नाही. दारात उभे राहून कुणी विचारले नाही, की हे ऐकणारे, हे वाचणारे, तुमचे कोण लागतात?

आता तो प्रश्न विचारला जातो. २०२१ च्या १ जूनपासून गूगलने छायाचित्रांची फुकट नि अमर्याद साठवण बंद केली. प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा मोफत. पत्रे, फोटो, कागद, सगळे तिच्यातच बसवायचे. पुढे २०२४ च्या सुमारास अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा राखीव साठाही त्याच जागेत धरू लागले. बघता बघता घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर 'जागा संपत आली' अशी सूचना झळकू लागली. हे तर गडबडलेच. त्यांना वाटले, महानगरपालिकेची काहीतरी नोटीस आहे.

तेव्हा धाकट्याने सगळ्यांसाठी मिळून एक वर्गणी घेतली. दोन टीबीची, म्हणजे सुमारे दोन हजार जीबीची. घेणारा एक आणि त्याच्याबरोबर आणखी पाच, मिळून सहा. वर्गणी ज्याच्या खात्यावर, तो कुटुंबाचा व्यवस्थापक. धाकट्याने ते पद मोठ्या अदबीने आपल्या वडिलांना दिले. पैसेही त्यांच्याच कार्डावरून जाऊ लागले, हा भाग वेगळा.

यातली व्यवस्था धाकट्याने मला समजावून सांगितली, तेव्हा मला हसू आले. कारण ती मला आधीपासूनच येत होती. प्रत्येकाचे १५ जीबी ज्याचे त्याचे. त्यावर दुसऱ्याचा हक्क नाही. हे झाले स्त्रीधन. ते भरले की पुढचे सगळे सामाईक कोठीतून. ही एकत्र मिळकत. कुणी किती घेतले ते कळते, पण काय ठेवले ते दुसऱ्याला दिसत नाही. म्हणजे खोल्या सहा, प्रत्येक खोलीला आतून कडी, आणि धान्याची कणगी मात्र एक. व्यवस्थापक म्हणजे कर्ता. तो कुणाला घेऊ शकतो, कुणाला काढू शकतो. आणि ज्याला काढले, त्याची सामाईक कोठी बंद. त्याने पुन्हा आपल्या १५ जीबीत संसार आटपायचा. आटपला नाही तर त्याला नवी पत्रे येणे थांबते. आणि तसेच दोन वर्षे चालले, तर जुने साठवलेलेही पुसले जाऊ शकते. मिताक्षरा जिने पाठ केली नाही, पण एकत्र कुटुंबात चाळीस वर्षे काढली, तिला यातले काय नवीन?

आमचे सहा जण असे होते : हे, मी, थोरला, थोरली सून, धाकटा आणि धुळ्याला दिलेली आमची लेक.

कणगी एक म्हटली की कोण किती काढतो यावर डोळे जाणारच. थोरल्याचे ठिबक सिंचनाच्या सामानाचे दुकान. त्याच्या पावत्या, आणि गिऱ्हाइकांच्या केळीबागांचे फोटो. थोरल्या सुनेचे शिवणकामाचे नमुने. धाकटा सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीतले गड चढतो आणि प्रत्येक गडाची चित्रफीत काढतो. मला सगळे गड एकसारखेच दिसतात. ह्यांच्या खात्यात काय असावे, असे मी एकदा बघायला घेतले, तर सुप्रभातची चित्रे. हजारोंनी. कमळे, उगवता सूर्य, वाफाळता चहा. मी म्हटले, "पुसून टाकू?" तर म्हणाले, "असू दे. लोकांनी आठवणीनं पाठवलीत."

लेक धुळ्याला दहावीच्या मुलांना गणित शिकवते. करोनाच्या काळात शिकवण्या बंद पडल्या, तेव्हा तिने भिंतीला फळा लावून पाठ चित्रित करायला सुरुवात केली. पुढे शिकवण्या सुरू झाल्या तरी पाठ थांबले नाहीत. शिरपूर-साक्रीकडची मुलेही ते बघतात. सामाईक कोठीतले सगळ्यांत जास्त तीच घेत होती. आणि तिच्या खालोखाल, खरे सांगायचे तर, मी.

माझे वडील मला दर आठवड्याला पोस्टकार्ड लिहीत. १९८१ मध्ये माझे लग्न झाले तेव्हापासून ते गेले त्या १९९९ पर्यंत. पोस्टकार्ड हे मोठे उदार वाहन आहे. पत्ता एकाचा, पण वाचायला सगळ्यांना मोकळे; पोस्टमनपासून सासूबाईंपर्यंत. वडील ते जाणून होते, म्हणून प्रत्येक कार्डात घरातल्या प्रत्येकासाठी एक ओळ असे. निवृत्त झाल्यावर मी ती सगळी कार्डे एकेक करून फोटो काढून ठेवली. त्यातच आखाजीच्या गाण्यांच्या चित्रफितीही आहेत. झोके बांधले की धुळ्याकडच्या म्हाताऱ्या बाया गौराईची गाणी म्हणतात, ती मी चार-पाच वर्षे माहेरी जाऊन टिपून आणली. त्यांतल्या दोघी आता नाहीत. सगळे मिळून चाळीस जीबी. स्त्रीधनात मावण्यासारखे नव्हते.

धाकट्याचे लग्न गेल्या हिवाळ्यात झाले. सून गुणी आहे, पुण्यातच नोकरी करते. लग्नानंतर आठ-पंधरा दिवसांनी दोघे घरी आली असताना जेवणे आटोपल्यावर तिच्या फोनवरही तीच सूचना झळकली. धाकटा सहज म्हणाला, "बाबा, हिलापण आपल्यात घेऊन टाका ना."

हे चष्मा लावून बसले. बराच वेळ बोट फिरवून म्हणाले, "सहाच दिसतात. सातवं घेत नाही."

क्षणभर कुणी बोलले नाही. मग थोरला म्हणाला, "ताईचं काढा की. तिला दाजी घेऊन देतील. तिचं घर आता ते आहे."

थोरला माझा वाईट नाही. बहिणीच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी काढून एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्याने धुळे गाठणारा तो. पण कानबाईच्या मुठी मोजल्या जाताना त्याने लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता की राग नव्हता. पाण्याने उताराकडे जावे तसा तो बोलला. आणि मला त्याचीच भीती वाटली. भांडून काढलेले माणूस परत आणता येते. सहज गळलेले माणूस गळले हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

नव्या सुनेचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "नको नको, माझ्यामुळे ताईंना कशाला?" बिचारी! घरात येऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तोच तिच्या ताटाखाली दुसरीचे ताट निघाले होते.

धाकटा हसत म्हणाला, "आई, हल्ली सगळ्यांचंच असं झालंय. नेटफ्लिक्सचं बघ." मग त्याने सांगितले. २०१७ मध्ये ती कंपनी स्वतःच कौतुकाने म्हणत होती, की पासवर्ड वाटून घेणे म्हणजे प्रेम. आणि २०२३ च्या जुलैत तिनेच भारतात कळवले, की एक खाते एका घरापुरतेच. घर म्हणजे कोणते, तर जिथे दूरचित्रवाणीचा संच ज्या इंटरनेटला जोडलेला आहे ते. मी ऐकत राहिले. त्या धंद्यात त्यांनी पैशाचा विचार करावा हे योग्यच आहे. आमच्या लोकांनी एका खात्यावर गल्लीच्या गल्ली बसवली असेल, नाही असे नाही. पण मनात आले, चुलीवरून घर ठरत असे, आता तारेवरून ठरते. गंमत म्हणजे आमच्या साठ्याच्या वर्गणीला ही अडचण मुळी नव्हतीच. तिथे देश एक असला की झाले; जळगाव, धुळे, पुणे, सगळे तिला चालत होते. सहा माणसे कोणती, ते ठरवायचे त्यांनी आमच्यावरच सोडले होते. म्हणजे लेकीला वगळण्याचा नियम कंपनीचा नव्हता. तो आमच्याच घरातून निघाला होता.

कायदाही तसे म्हणत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क देऊ केला, आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. मुलगी लग्न झालेली असो वा नसो. शेतजमिनीत जी वाटेकरी ठरते, ती फोनमधल्या साठ्यात परकी कशी? पण कायद्याची भाषा जेवणाच्या पानावर काढू नये. तिने पान कडू होते.

मी म्हटले, "कुणाचं नाव काढायचं असेल तर माझं काढा."

"तुझं? आणि तुझी ती पत्रं?" ह्यांनी विचारले.

"पत्रं कागदावर आहेतच की. पेटीत ठेवलीत."

"आणि गाणी?"

गाणी कागदावर नव्हती. मी उत्तर दिले नाही. विषय तिथेच राहिला.

अशा गोष्टी घरात राहत नाहीत. दोन दिवसांत धुळ्याहून फोन आला. लेकीशी बोलताना माझी जीभ आपोआप अहिराणीकडे वळते. जळगावाकडे बोली निराळी. इतकी वर्षे झाली तरी माझ्या तोंडून 'शे' निघाला की इथे लोक ओळखतात, ही धुळ्याकडची. मी विचारले, "काय म्हणतेस? कसं काय शे?"

ती म्हणाली, "आई, तू माझ्यासाठी तुझी जागा सोडतेस असं ऐकलं."

"कुणी सांगितलं?"

"वहिनीनं." म्हणजे थोरल्या सुनेने. जेवणाच्या पानावर ती एक अक्षर बोलली नव्हती.

मी म्हटले, "तुझं नाव निघायला नको, एवढंच माझं म्हणणं."

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आई, मला माहेरात जागा राहावी असं तुला वाटतं, ते खरं. पण ती तुझी उठवून नको. आणि दुसरं सांगू? मला कुणाच्या मोजणीत बसायचाच कंटाळा आला आहे. मीच घेते वर्गणी. शिकवणीचे पैसे येतात ना मला? माझ्या खात्यावर, माझ्या कार्डावरून. मी व्यवस्थापक. माझ्यात हे असतील, सासूबाई असतील," आणि जरा थांबून, "तू येशील?"

मला हा प्रश्न कळायलाच जरा वेळ लागला. ज्या पिढीत मी वाढले, तिच्यात आईबाप लेकीच्या घरचे पाणी पीत नसत. माझे वडील आमच्याकडे येत ते स्टेशनवर चहा पिऊन. आणि ओट्यावर बसून, मला डोळे भरून बघून, संध्याकाळच्या एसटीने परत जात. मी पुढे केलेले दूध एकदासुद्धा त्यांनी घेतले नाही. त्या पोस्टकार्डांत सगळे काही आहे, फक्त माझ्या घरच्या जेवणाविषयी एक ओळ नाही. कारण ते इथे कधी जेवलेच नाहीत. आणि आता तीच पत्रे घेऊन मी लेकीच्या घरात राहायला जायचे!

कुणी म्हणेल, बाई, हे काय घर आहे? आकड्यांचा खेळ आहे. खरे आहे. पण मुठीतला गहू तरी काय होता? चार दाण्यांचाच खेळ. त्या खेळात नसण्याचे दुःख मात्र खरे होते.

मी ह्यांना सांगितले. हे वर्तमानपत्र वाचत होते. ते बाजूला न करताच म्हणाले, "म्हणजे तू आता धुळ्याची?"

मी म्हटले, "मी धुळ्याचीच आहे. चव्वेचाळीस वर्षं जळगावला राहते आहे, इतकंच."

वर्तमानपत्र खाली आले. हे हसत होते. पण हसण्याखाली काहीतरी हलले होते, ते मला दिसले. म्हणाले, "परत यायचं झालं तर?"

याही गोष्टीला नियम आहे. एका माणसाला एका वेळी एकाच कुटुंबात राहता येते, आणि एका कुटुंबातून दुसऱ्यात जायचे ते बारा महिन्यांत एकदाच. मी म्हटले, "वर्षभर नाही."

"एवढं लांब माहेरपण कधी केलं नव्हतंस," हे म्हणाले. आणि मग आपल्याच बोटाने त्यांनी माझे नाव आपल्या कुटुंबातून काढले. मला ते स्वतः करता आले असते. पण म्हणाले, "मीच पाठवतो."

एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. मी जळगावातून उठून धुळ्याला गेले, पण एक कागद हलला नाही. पोस्टकार्डे होती तिथेच होती, गाणी होती तिथेच होती. माझे खाते माझेच राहिले. फक्त कोणाच्या कोठीतून मोजायचे, तेवढे बदलले. १९८१ मध्ये मी असेच घर बदलले, तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि नवे आडनाव घेऊन आले होते; आणि आधीचे जे काही होते, त्यातले पुष्कळ तिकडेच राहून गेले. शिळा, झोका, गल्लीतल्या मैत्रिणी, वडिलांच्या घरातली माझी मूठ, जी कधी मोजलीच गेली नव्हती. आपले सामान आपल्यापाशी ठेवून बाईने घर बदलावे, ही सोय यंत्राने आधी केली, माणसांना सुचायला अजून अवकाश आहे.

दोन चुली झाल्या म्हणून नाते तुटते, असे मानायचे कारण नाही. आमच्या दोन्ही गावांना वाटणीचा अनुभव आहे. पूर्वी खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे दोन झाले. पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव, पश्चिम खानदेशचे धुळे. पुढे ती नावेही गेली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळे निघाले. एका घराची तीन बिऱ्हाडे झाली. पण १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ झाले, ते सगळ्यांचे मिळून एकच. आज ते बहिणाबाईंचे नाव लावते आणि तिन्ही जिल्ह्यांतली मुले त्याच्या एका छताखाली परीक्षा देतात. चुली तीन, वर्गणी एक. आखाजीला झोके तिन्हीकडे बांधतात, आणि वांग्याच्या भरताला कुठल्याच हद्दीचा दगड अडवत नाही.

आमच्या जळगावच्या कुटुंबात आता पाच जण आहेत. नवी सून आली, ती पहिल्याच दिवशी ह्यांना म्हणाली, "बाबा, मी फार जागा घेणार नाही." हे म्हणाले, "घे हो. कणगी भरलेली आहे." लेक गेली, मी गेले, म्हणून एक जागा रिकामी आहे. ती कुणाला द्यायची, असे थोरल्याने एकदा विचारले. हे म्हणाले, "राहू दे." पुढे कुणी विचारले नाही.

श्रावणात कानबाई बसली. थोरल्या सुनेने गहू मोजायला घेतला. हे, थोरला, धाकटा, नातू : चार वेळा सव्वा मूठ. मी शेजारी बसून बघत होते. चार पाव मुठी म्हणजे एक भरली मूठ होते, हे इतकी वर्षे गहू निवडूनही मी कधी मोजले नव्हते. नव्या सुनेला ते सांगितले, तर ती म्हणाली, "आई, मग आम्हां तिघींमागे एकच?" मुलगी हिशेबाची पक्की आहे. तिच्या हाताने पुढच्या वर्षी काय होते ते बघायचे.

इकडे धुळ्याच्या घरात मला आता एक नवेच नाते शिकावे लागत आहे. त्या कुटुंबात लेक कर्ती, तिच्या खालोखाल जावई, आणि मग आम्ही दोघी विहिणी. विहिणींना एका पंगतीला बसवताना देखील आमच्याकडे मानपान बघतात. एका घरात दोघींना नांदवण्याचे धाडस आजवर कुणी केल्याचे मी ऐकले नाही. पण लेकीने ते केले. आम्हां दोघींनाही एकमेकींच्या खोल्यांत काय आहे ते दिसत नाही, फक्त कणगीतून किती घेतले तेवढे दिसते. परवा विहीणबाईंचा फोन आला. आधी प्रकृती, मग पाऊस, मग पांझरेला पाणी किती, असे सगळे विचारून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण चाळीस जीबीत तुम्ही एवढं ठेवलंय तरी काय?"

मी म्हटले, "माझ्या वडिलांची पत्रं. आणि तुमच्याकडची आखाजीची गाणी."

"आमच्याकडची?"

"तुमच्या मावशींच्याही आवाजातलं एक आहे. झोक्यावरचं."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या, "मला ऐकवाल?"

खोलीची कडी मी आतून काढली आहे. भाऊबिजेला लेक येईल, तेव्हा येताना सासूबाईंनाही घेऊन ये, असा निरोप दिला आहे. तांदूळ या वर्षी आणखी एका माणसाचे जास्त भिजवले आहेत.